नर्सताईंच्या चाकातली हवा

नर्सताईंना फुकटचा सल्ला खपत नसे, आणि हिवाळा लागला की सगळ्या गल्लीला सल्ला देण्याची उबळ येई. "एवढ्या थंडीत सायकल? या वयात?" असं कुणीही येता-जाता विचारी. विचारणारा स्वतः चार पावलं चालला की धापा टाकणारा असे. ताई पेडल न थांबवता म्हणत, "थंडी तुम्हाला वाजतेय ना? मग तुम्ही घरात जा."

घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलायच्या, हे त्यांचं काम. ऑपरेशन होऊन घरी आलेली माणसं, साखरेनं पाय चिघळलेली म्हातारी माणसं, दवाखान्याचा जिना न झेपणारी माणसं. त्यातली निम्मी चढावरच्या गल्ल्यांत राहत, आणि तिकडे बस फिरकतही नसे. पायी जायचं तर अर्धे पेशंट उद्यावर ढकलायचे, आणि चिघळलेली जखम काही उद्याची वाट बघत बसत नाही. म्हणून सायकल. ही हौस नव्हे, हे सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला होता.

त्यांचा जामानिमा बघण्यासारखा असे. एकच जाडजूड कोट चढवून सायकलवर बसणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "चढावर आत घाम, उतारावर तोच घाम गार, मग महिनाभर खोकत बसा!" त्या स्वतः पातळ कपड्यांचे थर घालत, वरून वारा अडवणारं जाकीट, कानांवर लोकरी टोपी, आणि ब्रेक नीट दाबता येईल असे हातमोजे. दारातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. नाही वाजली तर एक कपडा जास्त झाला. सीट नेहमीपेक्षा खाली, म्हणजे पाय चटकन टेकतो. रस्त्यावर बर्फाचा चकचकीत पापुद्रा दिसला की वळायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, नाकासमोर सरळ निघून जायचं. जखम धुवायच्या पाण्याची बाटली मात्र जाकिटाच्या आत, पोटाशी. गार पाणी जखमेवर पडलं की माणूस कळवळतो, आणि तसं करणाऱ्या नर्सेसना ताईंच्या मते नोकरीवरून काढायला हवं होतं.

एवढं सगळं त्यांच्या मनासारखं होतं. फक्त चाकातली हवा त्यांच्या ताब्यात नव्हती. ती त्यांच्या यजमानांच्या ताब्यात होती.

यजमान बस चालवून निवृत्त झालेले. अजूनही सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत. उभा जन्म त्यांनी डेपोतून बस काढण्याआधी टायरवर हातोडी मारून आवाज ऐकला. चाक ठणठणीत तर गाडी ठणठणीत, यापलीकडे त्यांचं शास्त्र नव्हतं. रोज संध्याकाळी ते पंप घेऊन जिन्याखाली जात आणि ताईंच्या सायकलीत दगडासारखी हवा भरत. असं दगडी चाक बर्फावर सटकतं, थोडं मऊ असलं तर रस्ता धरून ठेवतं, हे ताईंनी पहिल्या हिवाळ्यात समजावून सांगितलं. दुसऱ्या हिवाळ्यात ओरडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "मला नको शिकवू, मी बस चालवलीय," एवढंच उत्तर. जसं काही ताई बस घेऊनच पट्ट्या बदलायला जात होत्या!

मग ताईंनी सांगणं सोडलं. रोज सकाळी जिन्याखाली वाकायचं, व्हॉल्व्हची टोपी काढायची, आणि पुढचं चाक फुस्स, मागचं चाक फुस्स. संध्याकाळी त्यांनी भरायची, सकाळी यांनी काढायची. असे कितीतरी हिवाळे गेले. त्या फुस्सबरोबर ताईंचा थोडा राग बाहेर जाई, आणि या हटवादी माणसाला आपण रोज गुपचूप हरवतो, याचं त्यांना बरंही वाटे.

यंदा ड्रायव्हरसाहेबांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी सीटच वर केली. "गुडघे दुमडून चालवतेस, बघवत नाही," म्हणाले. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"यापुढे माझ्या सायकलला बोट जरी लावलंत, तर तो पंप नदीत फेकून देईन! तुमची सीट नको, तुमची हवा नको, काही नको!"

"बरं," ते म्हणाले आणि ताटावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा पारा अजून चढलेलाच होता. पाना घेऊन त्यांनी सीट खाली आणली, हातमोजे न काढताच व्हॉल्व्हच्या टोप्या काढल्या, फुस्स, फुस्स, आणि निघाल्या. चढ भलताच जड गेला. तो दोषही त्यांनी नवऱ्यालाच दिला. रात्रभर रागानं झोप लागली नव्हती. उतारावरच्या बेकरीपाशी त्या वळल्या आणि मागचं चाक खालून निघूनच गेलं. सगळा भार मनगटावर आला. त्याही अवस्थेत, एका हातानं सायकल ढकलत, ताई चिघळलेल्या पायाच्या एका आजोबांकडे पोचल्या आणि त्यांची पट्टी बदलली. पट्टीचं एक टोक आजोबांनीच धरलं. मग त्या स्वतःच्या हाताला प्लास्टर घालायला गेल्या.

रविवारी मुलगा व्हॅन घेऊन आला. विचारायला नाही, सायकल न्यायला. त्यानं ती उचलून मागे ठेवली आणि मगच वर येऊन सांगितलं.

"आई, गिऱ्हाईक मिळालंय. आता पुरे. तू ऑफिसात फोनवर बस, तुझ्या मोठ्या बाईंशी मी बोललोय."

"तू बोललास? माझ्या नोकरीबद्दल?"

"वय झालंय तुझं. तोल जातो."

"माझा तोल नाही गेला!" ताई कडाडल्या. "या यांच्या हवेनं पाडलं मला! दगड भरतात चाकात, दगड!"

खिडकीशी बसलेले ड्रायव्हरसाहेब इतके दिवस हेच ऐकत होते. आता ते उठले.

"मी हवा भरलीच नव्हती."

"खोटं बोलू नका."

"बोट लावू नका म्हणालीस, नाही लावलं. मी सायकल घरी आणली तेव्हा चाकं बसलेली. ट्यूब काढून बादलीत बुडवून बघितली, एक भोक नाही. मी भरली नाही, तू मात्र काढलीस. रोज काढतेस तशी! बसलेलं चाक वळणावर निसटणारच!"

ताई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बहिरा आहे का मी? रोज सकाळी जिन्याखालून फुस्स ऐकू येतं! म्हणून तर वरून चार पंप जास्त मारत होतो. तू काढणारच, तर काढून नीट उरावी!"

म्हणजे इतके हिवाळे त्या बर्फावरून ज्या हवेवर गेल्या, ती ताईंनी मोजूनमापून ठेवलेली नव्हतीच. ती या माणसानं ठेवली होती, न सांगता, न विचारता. ताईंना असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तुला काय झालं होतं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मुलगा दोघांकडे बघत राहिला. "अहो, पण तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत का ना..."

"तू गप्प बस!" दोघं एकदम ओरडले. आणि ताई म्हणाल्या, "आधी ती सायकल खाली उतरव. आणि मोठ्या बाईंना फोन लाव, त्यांच्याशी मी बोलते."

प्लास्टर निघालं तेव्हा थंडी सरली नव्हती. ताईंच्या मनगटात पंप दाबण्याइतका जोर मात्र अजून नव्हता. सकाळी जिन्याखाली ड्रायव्हरसाहेब पंप मारत होते आणि ताई हातमोजा काढून, उघडा अंगठा टायरवर दाबून उभ्या होत्या. टायर गार होता आणि त्या धुमसतच होत्या.

"बास."

पंप तसाच वर राहिला. हाताला सवय होती. आणखी एक पंप मारायची त्यांची इच्छा ताईंना स्पष्ट दिसत होती.

"बास म्हटलं ना!"

ड्रायव्हरसाहेबांनी पंप खाली ठेवला. बायकोचं ऐकण्याची त्यांची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा ऐकलं होतं, तेव्हा तिचं मनगट मोडलं होतं. म्हणून ते दारात येऊन, ती उतारावरच्या वळणापलीकडे जाईपर्यंत, स्वेटरशिवाय कुडकुडत उभे राहिले.