आप्पांची खंजिरी आणि चिऊची नजर

कुणी भूत-बित काढलं की मी चहाचा कप घेऊन पुढे सरकून बसतो. ऐकायला नाही, टिंगल करायला! कंपनीत मेंटेनन्सला आहे मी. मोटर रडायला लागली तर बेअरिंग गेलेलं असतं, आत कुणाचा आत्मा नसतो, हे माझं ठरलेलं भाषण. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण डोक्यातून जात नाही, काय करू?

आम्ही शिरूरला राहतो. मी, बायको रूथ, माझे वडील म्हणजे आप्पा, आणि आमची नऊ महिन्यांची चिऊ. चर्चची गाणी मी घरीच मागच्या खोलीत लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्यात, त्यावरून रूथ रोज माझा उद्धार करते.

घरात घोर एकच होता. जन्मल्यावर चिऊच्या कानाची तपासणी झाली, त्यात ती पास झाली नाही. पुन्हा केली, तेव्हाही नाही. मोठी तपासणी पुण्याला व्हायची होती. तोवर आमचा एकच उद्योग – तिच्या पाठीमागे जाऊन ताट वाजव, टाळ्या वाजव, शिट्टी मार. ती आपली मजेत बोटं चोखत बसायची. आप्पा म्हणायचे, "आरं, तू तरी कवा हाकेला वळायचास? येईल तिला समदं ऐकू." आणि मागच्या दारी जाऊन गुपचूप डोळे पुसायचे.

तो गुरुवार होता, माझी सुट्टी. भर दुपार, खोलीत लख्ख उजेड. नाताळच्या गाण्यात आप्पांनी खंजिरी वाजवली होती, ती मला फिरती करायची होती. म्हणजे आवाज डाव्या कानात सुरू होतो, डोक्यातून सरकत उजव्या कानात जातो, परत येतो. याला पॅनिंग म्हणतात. स्क्रीनवर माउसने नागमोडी रेष काढायची, आवाज त्या रेषेवरून चालतो. स्पीकर चर्चमध्ये नेलेले, म्हणून मी हेडफोन लावले होते – कानावर गच्च बसणारे. चिऊ समोर सतरंजीवर, माझ्याकडे तोंड करून बसलेली.

प्ले केलं. खंजिरी डावीकडे गेली... चिऊची नजर तिकडे. उजवीकडे आली, चिऊ इकडे बघायला लागली. परत तेच. परत तेच! मी वेडा व्हायचा बाकी होतो. "रूथ! अगं धाव! पोरीला ऐकू येतंय!"

रूथ पिठाच्या हातांनी पळत आली. दारातच थबकून बघत राहिली, डोळे भरून आले तिचे. मग हळूच म्हणाली, "अहो... पण गाणं तर तुमच्या कानात हाय. मला कुठं काय ऐकू येतंय?"

मी हेडफोन चाचपले. कानावर गच्चच होते.

"तुमची मान हलत असंल," ती म्हणाली. असेलही. मी हेडफोन तिला लावले, माझ्या जागी डोळे मिटून अजिबात न हलता बसायला सांगितलं. लॅपटॉप असा फिरवला की स्क्रीन फक्त मला दिसावी. रेष बदलून वेग दुप्पट केला. प्ले. चिऊची मानही दुप्पट वेगाने फिरायला लागली... डावीकडे, उजवीकडे, रेषेबरहुकूम. मी घाईने स्टॉप दाबलं.

गाणं थांबलं. चिऊ थांबली नाही.

आता तिची नजर सावकाश फिरत होती. रूथच्या उजव्या खांद्यावरून मागे गेली. अहो, पॅनिंगला डावं आणि उजवं एवढंच असतं हो, मागे असं काही नसतंच! तिथून नजर वर चढली आणि रूथच्या डोक्याच्या वर, रिकाम्या जागी थांबली. चिऊ हसली. उचलून घ्या म्हणताना करते तसे दोन्ही हात तिने वर केले... त्या जागेकडे.

"झालं का हो?" रूथने डोळे मिटूनच विचारलं.

मी चिऊवर झडप घालून तिला उचललं, रूथचा दंड धरला आणि ओढतच बाहेर आणलं. माझ्या खांद्यावरून चिऊ मागे झेपावत होती, रडून रडून लाल झाली होती. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांना काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्याच संध्याकाळी दोघींना दौंडला रूथच्या माहेरी सोडून आलो. तिकडे चिऊ अगदी नेहमीसारखी होती.

पुण्याच्या तपासणीचा निकाल आला – दोन्ही कानांना काहीच ऐकू येत नाही. काहीच म्हणजे काहीच. त्या दुपारचं मी डॉक्टरांना भीत भीत सांगितलं, तर ते म्हणाले, सावली हलली असेल, मुलं सावल्या बघतात. असेल. पण सावली मी माउसने काढलेल्या रेषेच्या वेगाने कशी हलली? आणि स्टॉप दाबल्यावर? गाणं डिलीट केलं, खोलीला कुलूप लावलं.

आता तिच्या कानात मशीन बसवायचं ऑपरेशन ठरलंय. पोरीला ऐकू यावं म्हणून मी देवापाशी रोज रडलोय, आजही रडतो. ते मशीन पहिल्यांदा चालू करतील तेव्हा मी तिच्या अगदी समोर बसणार आहे, तिला हाक मारणार आहे. फक्त तिने माझ्याकडेच बघावं... माझ्या डोक्याच्या वर, रिकाम्या जागी नको.