सेटल झाली का?

आमच्या नागपूरच्या घरात ‘सेटल’ हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडायचा. मामेबहिणीला नोकरी लागली, ती सेटल झाली. तिचं लग्न झालं, ती आणखी सेटल झाली. कढीतलं बेसन तळाशी बसायला लागलं तरी आई म्हणायची, "अगं ढवळ, सेटल होऊन राहिलं ते." आई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे तिला कोण टोकणार! वडील गेल्यावर ती एकटीच राहायची आणि मी लंडनला कॉम्प्युटरच्या नोकरीवर आल्यापासून दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा. "सेटल झाली का?"

मी दर वेळी हो म्हणायचे. नोकरी बरी होती, खोलीला हीटिंग होतं, भाकरीचं पीठ एजवेअरला मिळत होतं. तिसरं वर्ष लागताच मी लग्न केलं, तेही इथेच जन्मलेल्या मराठी मुलाशी, आणि आम्ही लंडनच्याच कडेला, पिनरला राहायला गेलो. आईच्या हिशेबाने तर मी पूर्णच सेटल झाले होते.

इथल्या सरकारच्या हिशेबाने मात्र नाही. इथे ‘सेटल्ड’ म्हणजे ज्याला कायम राहायची परवानगी आहे तो. माझ्यासारख्या वर्क परमिटवाल्यांना ती चार वर्षांनी मिळायची. नवरा ब्रिटिश, त्याच्यामुळे होणारं मूलही ब्रिटिश, आणि त्यांना वरणभात करून घालणारी मी तेवढी परमिटवर. नवऱ्याच्या नात्यातून अर्ज करता आला असता, पण त्यात दोन वर्षांची वाट नव्याने सुरू होणार होती आणि परमिटची चार भरायला दोनही उरली नव्हती. म्हणून मी परमिटवरच राहायचं ठरवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मला तेव्हा आठवलं नाही.

एवढी घाई कशाची, तर आईची. सेटल्ड मुलीला आपली पासष्टी उलटलेली, एकटी आई कायमची आणण्यासाठी अर्ज करता येत होता. जावयाला सासू बोलावता येत नव्हती, मग तो कितीही ब्रिटिश असो. त्यामुळे सगळं माझ्या चार वर्षांवर अडलं होतं. मागची छोटी खोली आम्ही तिच्यासाठी धरून ठेवली होती. तिथे मी काही ठेवू द्यायचे नाही, इस्त्रीचं टेबलसुद्धा.

त्याआधी माझ्या बाळंतपणाला ती सहा महिन्यांसाठी येणार होती. डिंकाचे लाडू, शेपा, बाळाची टोपडी, सगळी तयारी झाली आणि ती मुंबईला व्हिसाच्या खिडकीपुढे उभी राहिली. समोरच्याने विचारलं, लंडनला कोण आहे? आईला इंग्रजीत बोलायची संधी मिळालेली. ती म्हणाली, "माय डॉटर इज वेल सेटल्ड देअर. नाऊ आय विल ऑल्सो सेटल विथ हर."

तिला एवढंच म्हणायचं होतं की, मुलीचं छान चाललंय, मीही तिच्याकडे नीट रमेन. पण एका वाक्यात तिच्याकडून दोन खोट्या गोष्टी बोलल्या गेल्या. मुलगी सेटल्ड नव्हती, आणि पाहुणीने सेटल व्हायचं नसतं. व्हिसा नाकारल्याच्या पत्रात तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

"तुझा आई असं का बोलला?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी होतं.

"बोलली," मी म्हटलं. "आई बोलली."

अपील करू या, पुन्हा अर्ज करू या, असं मी आईला पुष्कळ विनवलं. ती म्हणाली, "मी काय चोर आहे का? त्या खिडकीपुढे मी पुन्हा नाही उभी राहणार. आता तू सेटल झाली की कायमचीच येईन." बाळंतपण माझं मीच काढलं. डिंकाचे लाडू पार्सलने आले, त्यांचा चुरा झाला होता, तो मी चमच्याने खाल्ला आणि रडले.

मला राग आला होता, आणि राग आला की मला कोणीतरी समोर लागतं. सरकारवर रागवायची माझी हिंमत नव्हती. मग मी त्या लोकांवर रागावले, जे पाहुणे म्हणून येतात आणि परत जात नाहीत, खोटी कागदपत्रं करतात, रांग मोडतात. त्यांच्यामुळेच माझ्या आईवर कोणी विश्वास ठेवला नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते. मी रांगेतली, शिस्तीतली, टॅक्स भरणारी. कायदा कडक झाला तर तो त्यांच्यासाठी होणार, माझ्यासाठी कशाला?

मुलगी महिन्याभराची असताना इथे निवडणूक लागली. एका शनिवारी दुपारी दारावर एक म्हातारा आला. छातीवर पक्षाचं रिबिनीचं फूल, हातात यादी लावलेला बोर्ड. त्याने विचारलं, तुमच्या मनात कोणता प्रश्न आहे? नवरा आतून म्हणाला, "तू कसा वोट करतो? तू तर इंडियन आहे ना." पण मी माहिती काढून ठेवली होती. भारतासारख्या कॉमनवेल्थ देशाच्या माणसाला परमिटवर असतानाही इथे मत देता येतं. याचा मला फार अभिमान होता. घरात सर्वांत कच्चं स्टेटस माझं, आणि मत द्यायला उत्सुक मी एकटी.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, "इमिग्रेशन. फार ढिलं झालंय. कडक करायला हवं."

तो खुलला. म्हणाला, तुमच्यासारख्यांनी हे सांगणं फार मोलाचं आहे. त्याने माझ्या नावापुढे काहीतरी लिहून घेतलं आणि एक पत्रक दिलं. कायम राहायचं असेल त्यांनी तो हक्क कमवायला हवा, असं त्यात होतं. मला पटलं. मी कमवतच होते. प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने मी त्या पक्षापुढे फुली मारली. बोटाला शाई लावली नाही म्हणून थोडी हिरमुसलेसुद्धा.

तो पक्ष जिंकला. पुढच्या वर्षी, माझी चार वर्षं भरायला तीन महिने उरले असताना नियम बदलला. चाराची पाच वर्षं झाली. जे आधीपासून इथे आहेत त्यांनाही तोच नियम. ऑफिसमध्ये एका पुण्याच्या मित्राने सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं. मग घरी येऊन ते पत्रक शोधलं. ड्रॉवरमध्ये होतं, टेकअवेच्या मेन्यूकार्डांखाली. सगळं त्यात लिहिलेलं होतं. कोणी मला फसवलं नव्हतं. मी वाचलं होतं, आणि ते दुसऱ्यांबद्दल आहे असं समजले होते. पायावर धोंडा पाडून घेतलाच होता, वर तो उचलून आणायलाही मीच गेले होते.

मोर्चे निघाले, सह्या गोळा झाल्या, मीही सही केली. सही करताना मला शरम वाटली. कोणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एकच वर्ष आहे ना." त्याचंही खरं होतं. पण त्याला रविवारी आईला फोन करायचा नव्हता.

"सेटल झाली का?"

"नाही आई. अजून एक वर्ष."

"असं काहून? तू तर चार म्हटली होती."

"सरकारने बदललं."

"त्यांना काय झालं बाप्पा एकदम?" आई म्हणाली. लोकांनी मागणी केली म्हणून, असं मला तिला सांगता आलं नाही.

काही आठवड्यांनी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक आली आणि दारावर तोच म्हातारा. त्याने बोर्डावर पाहिलं, चेहरा उजळला. "तुम्ही इमिग्रेशनचं म्हणाला होता. बघा, आम्ही कडक केलं." चेष्टा नव्हती त्याच्या बोलण्यात. त्याला मनापासून आनंद झाला होता. मुलगी माझ्या कडेवर होती, तिने त्याचं फूल धरून ओढलं. तो म्हणाला, गोड आहे. मी थँक यू म्हटलं. नंतर पुष्कळ दिवस मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडले, आईची गोष्ट त्याला सांगितली, पत्रक त्याच्यापुढे नाचवलं. त्या दिवशी मात्र थँक यू म्हणून दार लावलं.

त्याच पावसाळ्यात आई बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण दुपारपर्यंत तिथेच पडून होती. शेजारणीला संशय आला म्हणून कळलं. मी दोन आठवड्यांची रजा काढून गेले. आई म्हणाली, आता या घरात एकटीला भीती वाटते. तुझं होईपर्यंत मी आश्रमात राहते, शाळेतल्या दोघी तिथेच आहेत. मी स्वतः तिला वृद्धाश्रमात पोचवलं. कपाट लावलं, तिच्या तांब्याभांड्यावर नेलपॉलिशने खूण केली आणि परत आले. दुसरं काय करू शकत होते? जे करायचं ते मी शाळेच्या हॉलमध्ये आधीच करून बसले होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका मंगळवारी टपालाने पासपोर्ट परत आला. आत शिक्का होता. मी रविवारची वाट न बघता फोन लावला. आश्रमातल्या बाईंनी आईला बोलावून आणलं. मागे कोणीतरी हसत होतं.

"आई, झाले मी सेटल," मी म्हटलं. "आता तुझा अर्ज करू."

"लई छान झालं गं," ती म्हणाली. "पण मला आता नको हलवू. इथं सकाळी मी सगळ्यांना पेपर वाचून दाखवते. खिडकीजवळची कॉट मिळाली आहे. मी इथं सेटल झाली."

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, याही वेळी अगदी मायेने. मग जेवणाची घंटा झाली म्हणून तिने फोन ठेवला.

नवरा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आला. माझ्या हातातला पासपोर्ट बघून खूश झाला. "मग तुझा आई कधी येणार?" त्याने विचारलं. "मागचा खोली मी पेंट करतो."

"तुझी आई," मी म्हटलं. "आणि ती नाही येणार."