परीक्षा केंद्रावरची तहान

नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांची आता डोक्यात सरमिसळ झाली आहे. चोऱ्या एकमेकींत मिसळतात, मारामाऱ्यांची गावं बदलतात. दहावीच्या गणिताच्या पेपरचं ते प्रकरण मात्र अजून लख्ख आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीहून बदलून इंदापूर तालुक्यात आलो होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही, कारण त्यांची मुलंबाळं आजही तिथंच नांदत आहेत.

त्या वर्षी पेपरचा साचा बदलला होता. पूर्वी प्रमेयं घोकायची, गाइडमधली ठरलेली गणितं उतरवायची आणि सुटायचं. आता पेपरच्या सुरुवातीच्या प्रश्नांना प्रत्येकी चार पर्याय देऊन त्यांतला एक निवडायचा होता आणि पुढची उदाहरणंही फिरवून विचारलेली होती. पालकांनी धसका घेतला होता. मास्तरांनी त्याहून जास्त घेतला होता, पण तसं म्हणायची त्यांना सोय नव्हती. खिडकीतून चिठ्ठ्या टाकणाऱ्या गड्यांची तर पंचाईतच झाली, कारण बारामतीहून आणलेल्या गाइडमध्ये यातलं काहीच नव्हतं. मला वाटलं, चला, यंदा बंदोबस्त सोपा जाणार.

बीजगणिताच्या पेपरच्या संध्याकाळी ठाण्यात फोन वाजला. ठाणे अंमलदारानं तो माझ्याकडे दिला. माणूस नाव सांगेना. वरकुट्याकडचा आहे आणि पोरगा दहावीला आहे, एवढंच म्हणाला.

"सायेब, तुमच्या शेजारच्या गावच्या केंद्रावर पोरं पाणी लई पित्यात."

"उन्हाळा आहे. पिणारच."

"आमच्या केंद्रावर काय हिवाळा हाय व्हय? जरा बघा तुमी." फोन बंद.

स्टेशन डायरीत नोंद करताना अंमलदार हसू दाबत होता. मीही हसलो. पण नोकरीत एक धडा लवकर मिळाला होता. नाव न सांगता शिव्या देणाऱ्याचा फोन सोडून द्यावा. नाव न सांगता एकच बारीक गोष्ट सांगणाऱ्याचा सोडू नये.

पोलिसाला परीक्षेच्या वर्गात मज्जाव असतो, आमची जागा फाटकावर. म्हणून पुढच्या, विज्ञानाच्या पेपरला मी भरारी पथकाबरोबर गेलो; चार पर्याय त्यातही होतेच. पथकानं खिसे, मोजे, कंपासपेट्या सगळं धुंडाळलं. चिटोरं सापडलं नाही. केंद्रप्रमुख छाती काढून उभे होते. पाणी द्यायला शाळेचा शिपाई फिरत होता. पन्नाशीचा, उंच, शांत माणूस. त्याला सगळे तात्या म्हणत. पूर्वी घरी मेंढरांचा मोठा कळप होता, आता थोडी शेती आणि ही नोकरी. एका हातात पेला, दुसऱ्या हातावर टॉवेल. पोरं डाव्या हातानं पेला घेत होती. ते मला जरा विचित्र वाटलं, पण डाव्या हातानं पाणी पिणं हा काही गुन्हा नाही.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी निमगाव केतकीचा आठवडे बाजार होता. खिसेकापूंवर नजर ठेवायला आम्ही साध्या वेशात फिरत होतो. शेळ्या-मेंढ्यांच्या कडेला दोन व्यापारी समोरासमोर उभे होते. दोघांचे हात एका उपरण्याखाली. तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा, आणि खाली बोटं धरून भाव चाललेला. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला भाव कळू नये म्हणून ही जुनी रीत. मी ती लहानपणापासून पाहत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी तिथंच थबकलो. चार पर्याय आणि चार बोटं. हसू आलं आणि रागही आला, आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं.

भूमितीच्या पेपरला मी पथकातला कारकून बनून खिडकीशी उभा राहिलो. पोरानं हात वर केला, तात्या गेला, टॉवेल पोराच्या उजव्या हातावर पडला. पोरगा एक घोट घ्यायचा आणि थांबायचा, परत घोट घ्यायचा. प्रश्नांच्या क्रमानं उत्तरं चालली होती. मी आत जाऊन टॉवेल उचलला. तात्याच्या मुठीत पोराची तीन बोटं होती. पंचांसमक्ष पंचनामा झाला आणि पेपर संपल्यावर तात्याला ठाण्यात आणलं.

जन्मभर बाजारात भाव केलेल्या माणसाला पोलिसाचा आवाज चढल्यानं काही होत नाही. तात्या बाकावर बसून राहिला. उत्तरं कोणी काढून दिली, या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "मला म्हाईत न्हाय." गणिताच्या पर्यायांची उत्तरं त्यानं स्वतः काढली असतील, हे शेंबड्या पोरानंही मानलं नसतं.

तेवढ्यात केंद्रप्रमुख जबाब द्यायला आले आणि बोलून गेले, "साहेब, याची मुलगी त्याच खोलीत आहे. सगळ्या खोलीचा निकाल रद्द होणार, आणि तिचं नाव पहिलं."

तात्या उभाच राहिला. "सायेब, माझं काय करायचं ते करा. नोकरी घ्या, आत टाका. पोरीचा पेपर तेवढा रद्द करू नका. तिनं पाणी घेतलं न्हाय."

मुलगी दोनदा गणितात नापास झाली होती. बारामतीला नर्सिंगच्या कोर्सला जायचा तिचा हट्ट होता. घरच्यांनी ही शेवटची संधी दिली होती. या वेळी राहिली तर जमवून ठेवलेलं लग्न लावून मोकळं व्हायचं. मग तात्यानं सगळं सांगितलं. गणित-विज्ञानाचे शिक्षक गैरहजर मुलाची प्रश्नपत्रिका घेऊन माठांच्या खोलीत बसत, उत्तरं सोडवत आणि त्याला क्रमानं तोंडी सांगत. बाकीच्या पोरांना द्यायची त्याची तयारी नव्हती. पण शिक्षक म्हणाले, तुझ्या पोरीसाठी तरी कर.

मी महिला शिपायाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. मुलगी आईशेजारी बसली. रडली नाही.

"पाणी का नाही घेतलंस?"

"दोन येळंला खिडकीतनं आलेलं लिवलं, आन दोन येळंला नापास झाले. या बारीला माझं मीच केलंय."

"वडिलांना सांगितलं होतंस?"

"सांगितलं. त्यांचा इश्वास न्हाय बसला. तरीबी दोनदा बाकापशी येऊन उभं राह्यलं. मी मान वर केली न्हाय." मग म्हणाली, "लई तहान लागली हुती."

खरं बोलते असं मला वाटलं, पण पोलिसाला वाटून चालत नाही. बोर्डाच्या अधिकाऱ्यांना विनंती करून त्या खोलीच्या उत्तरपत्रिका तपासून घेतल्या. भूमितीच्या एका प्रश्नात पाणी प्यायलेल्या झाडून सगळ्या पोरांनी एकच चुकीचा पर्याय निवडला होता. नवा साचा मास्तरांनाही जड गेला होता. मुलीचा पर्याय वेगळा होता, आणि बरोबर होता. पुढे दोन प्रश्न तिचे चुकले होते, जे बाकीच्यांचे बरोबर होते. त्या दोन चुकांनी तिला वाचवलं.

शिक्षकांना समोर बसवलं. शिकलेला माणूस चौकशीत आधी कायदा सांगतो, मग ओळखी सांगतो, आणि शेवटी खरं सांगतो. ते म्हणाले, "या पेपरला शिकवायचं कसं, हेच आम्हाला कोणी शिकवलं नाही. निकाल पडला तर अनुदान जातं, साहेब." त्यात खोटं काही नव्हतं. गुन्हा मात्र दाखल झालाच. दोघांवर दोषारोपपत्र गेलं, तात्या निलंबित झाला. पाणी प्यायलेल्या पोरांचे निकाल रद्द झाले. त्यांचं मला आजही वाईट वाटतं. मोठ्यांच्या भीतीचा दंड त्यांनी भरला.

हा तपास मला एवढंच शिकवून गेला की भ्यालेला माणूस आपल्या हातात असलेली कलाच वापरतो, मग ती चांगल्या कामाला लागो की वाईट. आणि लेकरावर जीव असणं निराळं, भरवसा असणं निराळं. तात्यापाशी पहिलं भरपूर होतं.

निकालाच्या दिवशी तात्या ठाण्यात जामिनाची हजेरी द्यायला आला. सही केली आणि टेबलापाशी घुटमळत राहिला. मी विचारलं, "काय झालं तात्या?"

"पास झाली. काठावर."

"मग पेढे कुठं आहेत?"

"घरी वाटलं तिच्या आयनं. मी न्हाय खाल्ला." त्यानं डोळे पुसले. "पोरगी पास झाली म्हनून गावातली लोकं मला हार घालाय आली हुती, सायेब. मी म्हनलं, तिला घाला. त्यात माझा एकबी मार्क न्हाय."