सासूबाईंचा कॅक्टस आणि चौथ्या मजल्याचा उजेड

बेंगळूरच्या चामराजपेटेत माझं छत्री दुरुस्तीचं दुकान होतं. लोक छत्री टाकून जायचे आणि न्यायला विसरायचे. किस्स्यांचंही तसंच झालं. ज्याची फजिती होते तो मोकळा होतो, फजिती माझ्याकडे पडून राहते. दुकान बंद केलं तेव्हा छत्र्या वाटून टाकल्या, पण किस्से कोणी फुकटही नेईना. म्हणून इथे ओतून ठेवतो.

सगळे आमच्या रविवारच्या मंडळातले आहेत. मराठी बोलणारी चार टाळकी, प्रत्येकाच्या घरी काटेवाली झाडं, आणि विषय एकच, याला ऊन किती आणि सावली किती. माझं शिक्षण सातवीत अडकलं ते तिथेच राहिलं. पण जन्मभर सावलीचा धंदा केला, म्हणून मलाच अध्यक्ष केलं. सगळे अण्णा म्हणतात. चहा मात्र मलाच करायला लावतात.

*

मंडळात सर्वांत नवी म्हणजे पुण्याची मुक्ता. ती आणि नवरा निखिल, दोघंही आयटीवाले, हेब्बाळला चौथ्या मजल्यावर राहतात. बेंगळूरला येताना सासूबाईंनी आपल्या हातचा जुना कॅक्टस तिच्या ओटीत घातल्यासारखा दिला आणि म्हणाल्या, "गुढीपाडव्याला येईन, तेव्हा बघेन याला."

एवढंच. पण मुक्ताचा चेहरा असा, की परीक्षेची तारीख लागलीय.

कॅक्टस चांगला पोटरीएवढा जाड होता. तिने तो टीव्हीच्या बाजूला ठेवला, कारण तिथे शोभून दिसत होता. पावसाळा संपता संपता ती आनंदाने आमच्याकडे फोटो घेऊन आली. केवढा उंच झालाय बघा म्हणाली. आम्ही बघितलं. खाली पोटरी आणि वर करंगळी! फिकी हिरवी, खिडकीकडे मान काढून बसलेली.

आमच्याच इमारतीत शेजारी राहणाऱ्या सुशीलाक्का फोटो लांब धरून म्हणाल्या, "मुक्ता, हा वाढला नाही ग. हा उजेड शोधायला निघालाय."

बारीक झालेली मान पुन्हा जाड होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पुढची वाढ जाड येईल, पण मान राहील ती राहीलच. मुक्ताने चहा तसाच ठेवला.

*

निखिलने मनावर घेतलं. आधी फोनमधलं होकायंत्र काढून बाल्कनी तपासली. बिल्डरने पूर्व सांगितलेली बाल्कनी उत्तरेला निघाली. मग त्याने ऑनलाइन मागवून जांभळा दिवा आणला, झाडं वाढवायचा. तो लावला थेट छताला, आणि चालू ठेवला दिवसरात्र.

संध्याकाळी खालून बघितलं तर सगळ्या बिल्डिंगमध्ये तेवढाच एक जांभळा चौकोन. सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. सेक्रेटरी येऊन हळूच आत डोकावून गेला. आणि एक बाई तर बेल वाजवून भुवया करायची वेळ विचारायला आल्या. मुक्ता म्हणाली पार्लर नाही, आम्ही कॅक्टस वाढवतोय. बाईंचा विश्वास बसला नाही. म्हणाल्या, सरी, म्हणजे बरं, रेट जास्त असेल तर तसं सांगा.

सुशीलाक्कांनी दिवा कॅक्टसपासून वीतभर अंतरावर खाली आणायला लावला आणि निखिलला बजावलं, "रात्री बंद कर रे. त्याला स्वल्प झोपू तरी दे."

*

आता आमचे वानखेडे. मूळ नागपूरचे, नोकरी इथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात. नागपूरच्या उन्हाचा त्यांना असा गर्व, जणू सूर्य त्यांच्या वाड्यातूनच सुटतो. बेंगळूरचं ऊन म्हणजे टॉर्च आहे, असं ते आम्हाला दर रविवारी ऐकवायचे. मुक्तालाही त्यांनी सल्ला दिला की कॅक्टस वाळवंटातला आहे, उचल आणि गच्चीवर फेक.

तिच्या नशिबाने त्यांनी प्रयोग आधी स्वतःच्या झाडावर केला. घरात वाढलेला गुबगुबीत कॅक्टस डिसेंबरच्या भर दुपारी गच्चीवर नेऊन ठेवला. दोन दिवसांत त्याच्या पाठीवर पांढरे चट्टे, मग तपकिरी. वानखेड्यांच्या टकलाचीही तीच गत, कारण ते टोपी न घालता शेजारी उभे राहून निरीक्षण करत होते.

मी विचारलं, "वानखेडे, टॉर्चचे सेल नवे होते का?"

महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग मी समेटाची भेट म्हणून त्यांना एक छोटा कॅक्टस दिला. प्लास्टिकचा. खऱ्या मातीत रोवून, वर खडे पसरून दिला. त्यांनी तो पूर्वेच्या खिडकीत ठेवला आणि दर रविवारी न चुकता थोडा थोडा फिरवला, सगळीकडून सारखा उजेड मिळावा म्हणून. कोवळं ऊन कसं मानवतंय बघा, असं आम्हाला दाखवायचे. सुशीलाक्का पदर तोंडाला लावून बसायच्या.

शेवटी मुक्ताला दया आली आणि तिने सांगून टाकलं. वानखेडे कुंडी छातीशी धरून म्हणाले, "असू दे. परत देणार नाही. याला आता पूर्वेची सवय झालीय."

*

तोवर पाडवा जवळ आला. मुक्ताचा कॅक्टस आम्ही चामराजपेटेला आमच्या गच्चीवर हलवला. एकदम उन्हात ठेवायचा नव्हता, वानखेड्यांचं टक्कल डोळ्यांसमोर होतं. सुशीलाक्कांनी त्यावर आपली जुनी सुती साडी आडोशाला बांधली. रोज थोडी थोडी वर सरकवायची, म्हणजे ऊन हळूहळू अंगवळणी पडेल.

इथे एक घोटाळा झाला. साडी होती लाल काठाची. खालचे भाडेकरू कपडे वाळत घालायला आले, आणि दुसऱ्या दिवशी कुंडीपुढे फूल. तिसऱ्या दिवशी हळदकुंकू. चौथ्या दिवशी एक काकू तांब्याभर दूध घेऊन आल्या तेव्हा मात्र मी धावलो. कॅक्टसच्या मुळाशी दूध म्हणजे कुजलाच. खरं सांगावं तर काकूंचा अपमान. मी हात जोडून म्हटलं, "अक्का, हिला कोरडाच नैवेद्य चालतो."

तेव्हापासून शेंगदाणे, फुटाणे, कधी चिवडा. रविवारच्या चहाची सोय झाली. वानखेडे सर्वांत जास्त खायचे आणि आधी नमस्कार करायचे.

*

पण मान बारीक ती बारीकच. वरती छान जाड शेंडा येऊ लागला होता, त्यामुळे मधली मान आणखीच उठून दिसायची. मुक्ता रडवेली झाली. सासूबाई काही बोलणार नाहीत, नुसतं बघतील, तेच नको म्हणाली.

मग माझ्या डोक्यात आलं. आनेकलच्या एका नर्सरीतून मी डिट्टो तसाच कॅक्टस शोधून आणला. तसाच जाड, सरळ आणि पोक्त. तो हेब्बाळला दिव्याखाली बसला, खरा आमच्या गच्चीवर साडीत राहिला.

सासूबाई आल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. कॅक्टस बघून म्हणाल्या, छान ठेवलास हं. मुक्ता जिंकली.

दोन दिवसांनी सुशीलाक्कांनी त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावलं, आम्हालाही. जेवण झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, गच्ची बघू का? नाही कसं म्हणणार? आम्ही सगळे मागोमाग. त्या सरळ साडीपाशी गेल्या आणि त्यांनी पदर बाजूला करावा तशी ती बाजूला केली.

"हा कोणाचा?"

मुक्ताने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझा."

"मान अशी का झाली?"

"अंधाऱ्या घरात होता."

त्यांनी गच्चीभर पसरलेलं ऊन बघितलं, मला बघितलं, आणि कॅक्टसच्या मानेवरून हलकेच बोट फिरवलं.

"तुमचा आहे ना? मग मला देऊन टाका. पुण्याला नेते."

मुक्ता घाईने म्हणाली, "आई, असला वाकडा कशाला? घरी आपला आहे ना."

"तो राहू दे तुझ्याकडे. छान ठेवलायस."

मी काय करणार? दिला. निघायच्या दिवशी त्या ऑटोत बसल्या आणि कुंडी मांडीवर घेतली.

मुक्ता म्हणाली, "आई, खाली ठेवा ना. टोचेल."

सासूबाई म्हणाल्या, "टोचू दे. इतक्या महिन्यांनी भेटलाय."