ताऱ्याआधी दूध

आमच्या ऑनलाइन कट्ट्यावर रोज कुणी नव्या रोबोची बातमी टाकतं, कुणी नव्या स्टार्टअपची. आज सकाळी एका दूरच्या ताऱ्याच्या स्फोटावरून सगळे हिरिरीने भांडत होते. मध्येच सुमनताईंनी लिहिलं, "थांबा, माझं दूध उतू चाललंय!"

आणि काय सांगू, अख्खा कट्टा थांबला. तारा राहिला बाजूला. "गॅस बंद केलात का?" "दूध वाचलं का?" ज्याला त्याला तीच काळजी. मीही चहाचा कप हातात धरून ताटकळत बसलो. त्या ताऱ्याचा उजेड किती युगं चालत आपल्यापर्यंत आला होता. आणखी दोन मिनिटं थांबायला त्याची काय हरकत असणार?

शेवटी ताई आल्या. "अर्धं वाचलं. चला, आता घ्या तुमचा तारा पुढे."