खाटकिणीचं विवर

खाटकीणबाईच्या दुकानामागे चुनखडीची जमीन खचून एक विवर पडलं होतं. शेजारचा ओढा त्यात शिरायचा, तो पुन्हा कुठे दिसायचा नाही. खूर, आतडी, कुजकी कातडी, सगळं बाई त्यातच लोटायची. म्हणायची, "मेल्याचं पोट काही भरत नाही!"

खाली उतारावरच्या गावात दिलेली तिची लेक दर खेपेला कुरकुरायची, "आई, आमच्या विहिरीला वास मारतो गं."

"तुझ्या सासूच्या तोंडाचा असेल," म्हणत बाई सत्तूर घासायची.

एक दिवस लेक आली ती पाठीवर पट्ट्याचे वळ घेऊनच. मागोमाग कमरेला तोच पट्टा बांधून जावई आला. "गुमान चल, नाहीतर इथेच सोलतो," तो गरजला. खाटकिणीच्या दुकानात उभं राहून सोलायची भाषा! बाईचं डोकं फिरलं. सत्तुराचा पहिला घाव खांद्यात रुतला, दुसरा मानेत. तो कोसळला, तरी तिचा हात थांबेना.

तिने लेकीला सासरी पिटाळलं, जावयाला पाय धरून फरफटत नेलं आणि विवरात लोटून दिलं.

आठवड्याने लेक धापा टाकत आली आणि तिने ओला पट्टा मांस तोडायच्या ओंडक्यावर टाकला.

"पोहऱ्यात आला. सासूबाईंनी ओळखला, माझ्या तोंडावर फेकला."

"आणि आता कुठंय ती?"

"विहिरीच्या काठावर बसल्यात, आई. त्याची वाट बघत."