चार रंगांच्या बाई

आमच्या गणिताच्या बाईंनी "समजलं का?" असं कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर लालबागच्या त्या शाळेतली अख्खी चौथी "हो बाऽऽई" म्हणाली असती, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. त्याऐवजी त्या फळ्यावर गणित लिहायच्या, खाली चार उत्तरं, प्रत्येकापुढे एका रंगाचं नाव. आम्हा प्रत्येकाकडे गिरणीतल्या कापडाचे चार रंगीत तुकडे असत, बाईंनी स्वतः कातरलेले. टाळी वाजली की आपल्या उत्तराचा रंग डोक्यावर धरायचा. कोण कुठे अडलंय ते त्यांना एका नजरेत कळे. "माझे वडील एकटे चार माग बघायचे," त्या म्हणायच्या, "मला चाळीस पोरं जड नाहीत."

मी पुढच्या बाकावरचा रंग बघून माझा उचलायची. आपल्याइतकी हुशार चोर गिरणगावात दुसरी नाही, अशी माझी समजूत. एकदा शाळा सुटल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "तुझा हात एक श्वास उशिरा येतो गं." दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर, समोर फक्त फळा. शिवाय शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास भागाकार.

गिरण्यांचा संप लांबला. निम्मा वर्ग गावी गेला. बाबांनीही आम्हाला कोकणात न्यायचं ठरवलं. ते कळताच बाई आमच्या खोलीवर आल्या आणि हिला निदान वार्षिक परीक्षेपर्यंत तरी इथे मावशीकडे ठेवा म्हणून अडून बसल्या. पोरीच्या डोक्यात काही शिरत असेल तर ठेवतो, बाबा म्हणाले, पण मी स्वतः बघणार.

शनिवारी ते शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. बाबांना अक्षरओळख नव्हती. रंग कळत होते. माझा आदल्याच दिवशी पक्का झालेला भागाकार बाईंनी मुद्दाम घातला: सहाशे बारा भागिले सहा. टाळी वाजली. मी लाल उचलला, एकशे दोन. मागे वळून बघते तर सगळा वर्ग पिवळा, बारा. मधलं शून्य सगळ्यांनी गिळलं होतं. आणि बाबा उठून दाराबाहेर पडत होते.

बाई जिन्यापर्यंत धावल्या. तिचंच उत्तर बरोबर आहे, परत परत सांगत राहिल्या. बाबांनी हात जोडले.

"बाई, तुमी चांगल्या मनाच्या. पण सगळी पोरं चुकली आणि आमचीच तेवढी बरोबर?"

बाईंनी तिथेच भिंतीवर खडूने गणित मांडलं. ज्याला वाचता येत नाही त्याला ती भिंत काय सांगणार? सोमवारी आम्ही गावी गेलो. माझी शाळा तिथेच संपली.

लग्न होऊन परळला आले तेव्हा बाई वारल्याचं कळलं. पुढे बरीच वर्षं गेली. अंथरुणाला खिळलेल्या बाबांनी एका दुपारी अचानक विचारलं, "त्या दिवशी तुजा उत्तर बरोबर होता काय गो?"

"नाय बाबा. चुकलंच होतं."

त्यांचा चेहरा सैल झाला. बाईंना मात्र मी त्या क्षणी खोटं पाडलं होतं, आणि माफी मागायला त्या कुठे राहिल्या होत्या.